गाठ घरच्या बाजूला

तारकाकांना चांगलं खरंखुरं नाव होतं, पण ते वापरायची वेळ फक्त बँकेत आणि दवाखान्यात यायची. बाकी सगळ्या गावाला ते तारकाका. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या जागांना कुंपणं घातली. शाळेचं कुंपण त्यांचं, पाण्याच्या टाकीचं त्यांचं, रोपवाटिकेचं त्यांचं, छापखान्याच्या मागच्या आवाराचंही त्यांचंच. बंगलेवाल्यांची तर मोजदादच नको. लग्न ठरताना त्यांच्या सासऱ्यांनी विचारलं होतं म्हणे, मुलगा करतो काय? मध्यस्थ म्हणाला, लोकांना लोकांपासून लांब ठेवतो. सासऱ्यांनी लगेच होकार दिला. त्यांचं स्वतःच्या तिन्ही भावांशी वाकडं होतं.

'कुंपणच शेत खातं' ही म्हण काकांना प्रत्येक नवं गिऱ्हाईक ऐकवायचं, आणि ती आपणच आत्ता शोधून काढल्यासारखं हसायचं. काकांना त्या म्हणीचा मनस्वी राग. "तार कशाला काही खाईल?" ते म्हणायचे. "खाणारे घरात पाट मांडून बसलेले असतात." हे ते चिडून म्हणायचे, विचार करून नव्हे.

कामाची त्यांची तऱ्हा वेगळी होती. जागा बघायला गेले की आधी मालकाशी बोलायचे नाहीत. आधी चोर व्हायचे. आवाराला बाहेरून फेरी मारायची, कुठे पाय ठेवता येतो, कुठे फांदी वाकलेली आहे, कुठून सरपटता येतं ते स्वतः करून बघायचं. एका ठिकाणी असेच चढले असता कुत्र्याने पोटरी धरली. खाली उतरून रक्त पुसत ते मालकाला म्हणाले, "या बाजूला खर्च करू नका. इथला पहारा चोख आहे."

आणि एक नियम होता, तो ते हाताखालच्या माणसांकडून पाढ्यासारखा म्हणून घ्यायचे: जाळी चोराच्या बाजूला, गाठ घरच्या बाजूला. जाळी खांबांच्या बाहेरच्या अंगाने ताणायची, म्हणजे कुणी बाहेरून रेटा दिला तर तो खांबावर जातो. आणि जाळी खांबाला ज्या बारीक तारेने बांधायची, तिची गाठ आत घ्यायची. अडीच पीळ, टोक मुडपून. बाहेर उभ्या माणसाला ती सोडता येत नाही. "गाठ ज्याच्या हाताशी, तो मालक," काका सांगायचे. "ज्याला नुसती जाळी दिसते, तो चोर."

त्यांच्या स्वतःच्या घराला मात्र कुंपण नव्हतं. दिव्याखाली अंधार! घर गावाच्या टोकाला, पुढे रस्ता, मागे मोकळं मैदान, आणि भोवती गुडघ्याएवढी झुडपं. बायकोने कधी तार लावूच दिली नाही. "दिवसभर जाळीतून बघता," ती म्हणायची, "घरी तरी सरळ बघा."

ती गेली आणि घर काकांना फार मोठं वाटायला लागलं. धंदा त्याआधीच त्यांनी पक्कडच्या हवाली केला होता. पक्कड म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. मागच्या खिशात कायम पक्कड खोचलेली, म्हणून हे नाव. आता त्याचे चार कामगार होते, टेम्पो होता, पोटही सुटलं होतं. तरी काका समोर आले की तो हातातला फोन खिशात टाकून उभा राहायचा.

काकांपाशी उरलं होतं ते सकाळचं फिरणं. चहा झाला की मागच्या मैदानातून निघायचं आणि आपली कुंपणं बघून यायची. शाळेपाशी जाळीवर पंजा दाबून ताण बघायचा. टाकीपाशी गंज बघायचा. कुठे गाठ सुटलेली दिसली तर खिशातला तारेचा तुकडा काढून जागच्या जागी बांधून टाकायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी आभारही मानत नव्हतं. शाळेच्या शिपायाने तर त्यांनाच चोर समजून हटकलं होतं. पण त्या फेरीवरून परतताना त्यांची मान ताठ असायची आणि जेवण अंगी लागायचं.

मग एक दिवस ते दुपार झाली तरी परत आले नाहीत. वीटभट्ट्यांच्या बाजूला सापडले. म्हणाले, लाकडाच्या वखारीचं कुंपण शोधत होतो. वखार मोडून तिथे दुकानं झाली त्याला युगं लोटली होती. ते हसण्यावारी गेलं. पुढच्या वेळी मात्र पोलिसाने त्यांना मोटारसायकलवर बसवून घरी आणलं. हमरस्त्याच्या मधल्या दुभाजकावर बसले होते. दोन्ही अंगांनी ट्रक सुसाट चाललेले, आणि हे आपले लोखंडी कठड्याचे बोल्ट हाताने चाचपत होते.

नेमकं काय झालं ते काकांनी कुणालाच सांगितलं नाही. रस्ता ओलांडता ओलांडता एकाएकी सगळं पुसलं गेलं होतं. घर कुठल्या हाताला, आपण निघालो कशाला, काही म्हणता काही आठवेना. तेवढ्यात समोर लोखंड दिसलं. लोखंड ओळखीचं होतं, म्हणून ते त्याला धरून बसले. त्यांना भयंकर भीती वाटली होती. पण घरी आल्यावर त्यांनी पोलिसालाच सुनावलं की कठड्याचे दोन बोल्ट ढिले आहेत, सरकारला कळवा.

डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की यांना एकटं सोडू नका. त्याच संध्याकाळी जेवताना मुलाने विषय काढला.

"बाबा, उद्यापासून एकट्याने बाहेर जायचं नाही."

काकांनी ताट सारलं. "मी काय जनावर आहे, दावणीला बांधायला?"

"तसं कोण म्हणतंय?"

"ऐकून ठेव. ज्या दिवशी मला माझ्या दारात अडवशील, त्या दिवशी तुझा बाप मेला म्हणून समज. नंतर मला बाबा म्हणून हाक मारू नकोस. ओ देणार नाही मी."

वाढता वाढता सुनेचा हात तसाच थांबला. 'सुंभ जळला तरी पीळ जळत नाही,' असं मुलाची आई बापाबद्दल म्हणायची, आणि तो ते ऐकतच लहानाचा मोठा झाला होता. त्याने विषय सोडला. काकांना वाटलं, आपण जिंकलो.

काही दिवस मुलगाच काही ना काही निमित्त काढून सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला येत राहिला. मग एका सकाळी काका बाहेर आले तर मुलगा अंगणात कपाळाला हात लावून उभा.

"बाबा, सायकल गेली."

सायकल मुलाचीच, जुनी. तिचं मागचं मडगार्ड खडखडायचं म्हणून काकांनी ते तारेने आवळून दिलं होतं. असल्या सायकलीला कुठला चोर हात लावेल, हा विचार काकांच्या मनात आला नाही असं नाही. पण मुलाचा चेहरा उतरलेला होता, आणि तो पुढे जे बोलला त्याने काकांचा विचार तिथल्या तिथे विरून गेला.

"आता कुंपण घालायलाच हवं. चांगलं पक्कं. बाबा, तुम्हीच आखून द्या ना."

दवाखान्याच्या त्या फोटोंपासून घरात काकांना कुणी काही विचारेनासं झालं होतं. गोळी घेतलीत का, एवढंच विचारायचे. आणि आता मुलगा म्हणत होता, तुम्ही आखून द्या. काका आत गेले, तोंडावर पाणी मारलं, कामावरचा जुना जाडाभरडा शर्ट शोधून काढला. पोटाशी सैल झाला होता, तरी घातला.

"चल," ते म्हणाले. "आधी चोर होऊ."

बाप आणि मुलगा घराभोवती फिरले. काका पुढे, मुलगा मागे. असं बरोबर काम त्यांनी कधी केलंच नव्हतं. मुलगा शिकून कचेरीत गेला, त्याला तारेचं कधी काही पडलं नव्हतं. आज मात्र तो एकेक शब्द कान देऊन ऐकत होता. काका दाखवत होते, इथे झुडपात लपता येतं, इथून उडी घेता येते.

एका कोपऱ्यावर मुलगा थांबला. "आणि बाबा, आतून? आतला माणूस बाहेर पडायचं म्हणेल तर कुठून पडेल?"

"आतला?"

"म्हणजे..." मुलगा अडखळला. "चोर आत शिरला. आता माल घेऊन त्याला निसटायचंय. तर कुठून निसटेल?"

काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! इतकी वर्षं धंदा केला, पण एकाही गिऱ्हाइकाने हा प्रश्न विचारला नाही. आत येणं सोपं असतं रे, खरा कस बाहेर पडताना."

आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. पाण्याची टाकी मागच्या हद्दीला चिकटून आहे, तिच्यावर चढून पलीकडे जाता येईल, ती भिंतीशी सरकव. झाडाची ही फांदी छाट. सांडपाण्याची मोरी रुंद आहे, तिला गज लाव. "जाळी दोन इंची घेऊ नकोस, तिच्यात पायाचा अंगठा बसतो. दीड इंची घे. बोटं जातील, पण नुसत्या बोटांना काही करता येत नाही. आणि उंची, माझ्याएवढा माणूस धर आणि त्याच्यावर हातभर."

"तुमच्याएवढाच धरतो," मुलगा हळूच म्हणाला.

सून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. "बाबा..." तिने तोंड उघडलं. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि तिने खिडकी लावून घेतली. काकांनी ते पाहिलं. तिला खर्च फार वाटत असेल, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

पक्कड माणसं घेऊन आला त्या दिवशी काका सकाळपासून फाटकाच्या जागी खुर्ची टाकून बसले होते. बसले म्हणजे नावाला. दोरी त्यांनी स्वतः ताणली, ओळंबा स्वतः धरला. खड्डे घेणाऱ्याला ते ओरडून सांगत होते, "तोंडाला लहान, पोटाला मोठा! खांब उपटता येता कामा नये. खड्डा कसा हवा? पक्कडसारखा हवा, वर बेताचा आणि खाली सुटलेला!"

कामगार हसले. पक्कड हसला नाही. एरवी असल्या टोमण्यावर तो स्वतःच पोट हलवून दाखवायचा. काकांना ते खटकलं. पण उभ्या केलेल्या पाइपांची रांग इतकी नीट आली होती, एका डोळ्याने बघितलं तर पहिल्या खांबामागे बाकीचे दिसेनात, की त्या आनंदात ते विसरले. काँक्रीट ओतताना त्यांनी हात घातलाच. सून रागावली, नखात सिमेंट जाऊन बसेल म्हणाली. जाऊ दे की, त्यांना वाटलं. हे आपलं शेवटचं काम, आणि घरचं काम. ते सगळ्यांत चांगलं व्हायला हवं.

काँक्रीटला घाई चालत नाही. ओल्या खांबावर जाळी ताणली तर खांब वाकतो. तोवर मुलाने सुचवलं की काकांनी ताईकडे राहून यावं, इथे धूळ आहे, खोकला वाढेल. ताई म्हणजे काकांची मुलगी, शेजारच्या गावात राहायची.

"जाळीच्या दिवशी मला घेऊन यायचं, हं."

"आणतो की," मुलगा म्हणाला.

निघताना काकांनी पक्कडला जवळ बोलावलं आणि पूर्वी त्याची परीक्षा घेत तसं विचारलं, "गाठ?"

"घरच्या बाजूला, काका," पक्कड म्हणाला. म्हणताना तो दोरीचं भेंडोळं गुंडाळत होता, त्याने मान वर केली नाही.

मुलीने त्यांचं खूप केलं. खायला वेळच्या वेळी, गोळ्या वेळच्या वेळी, आणि खाली उतरायचं म्हटलं की ती किंवा जावई बरोबर. जाळीच्या दिवसाबद्दल विचारलं की ती म्हणायची, अजून काँक्रीट ओलं आहे, बाबा. एका संध्याकाळी जावई भाजी घेत कोपऱ्यावर उभे असताना काका जिन्यापाशी थांबले. जिन्याखाली जुन्या चादरीत काहीतरी गुंडाळून ठेवलेलं होतं. चादरीचं एक टोक घसरलं होतं आणि मडगार्ड दिसत होतं.

काकांनी वाकून हात लावला. अडीच पीळ, टोक मुडपलेलं. जन्मभर ज्यांनी दुसरं काही बांधलं नाही, त्या बोटांनी गाठ ओळखली.

वर गेल्यावर त्यांनी मुलीला विचारलं, "जिन्याखालची सायकल कुणाची?"

"कुठली? ती होय? ती वरच्या मजल्यावरच्यांची," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

पूर्वीचे काका असते तर तिला हाताला धरून खाली घेऊन गेले असते. पण आता त्यांच्या कपाळावर डॉक्टरांचा शिक्का होता. तसा शिक्का बसलेला माणूस 'ही माझी गाठ आहे' म्हणाला की लोक त्याच्याशी वाद घालत नाहीत, एकमेकांकडे बघतात. ते बघणं काकांना नको होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःचीच खात्री वाटेना. नसलेली वखार ते आहे म्हणून शोधत फिरले होते. मग सायकल का दिसू नये? मुलीचा शब्द त्यांनी खरा धरला आणि स्वतःच्या बोटांना खोटं पाडलं.

मुलगा न्यायला आला तेव्हा जाळी लागूनही गेली होती. पक्कडला दुसऱ्या कामाची घाई होती, तो म्हणाला. काका वाटेत रुसून बसले. पण गाडी घरापाशी आली आणि रुसवा पळाला. काय देखणं कुंपण होतं! कुठे पोक नाही, कुठे झोळ नाही. गाडी थांबते न थांबते तोच ते उतरले आणि रस्त्याच्या बाजूने सवयीप्रमाणे जाळीवर पंजा टेकवून चालायला लागले.

तळव्याला काहीतरी टोचलं. गाठ होती. पुढच्या खांबाला गाठ, त्याच्या पुढच्यालाही गाठ. सगळ्या गाठी रस्त्याच्या बाजूला.

काकांचं डोकं भणाणलं. "अरे, उलटी बांधली!" ते ओरडले. "त्या गाढवाने सगळी जाळी उलटी बांधली! एवढं शिकवून पालथ्या घड्यावर पाणी! बोलाव त्याला. आत्ताच्या आत्ता बोलाव. चोराच्या हातात गाठी दिल्यात, आणि आपण आत बसायचं मूर्खासारखं! सगळं सोडायला लाव, माझ्यादेखत."

मुलगा गाडीपाशी उभा राहिला, जागचा हलला नाही.

"बघत काय बसलास? फोन लाव."

सून फाटकापाशी आली होती, पण आतून. फाटकाची कडी बाहेर होती. कडीला आकडे जुळवून उघडायचं कुलूप होतं. सून आतून बघत उभी होती आणि मुलगा बाहेरून आकडे फिरवत होता, तेव्हा काकांनी जाळीतून आत पाहिलं. टाकी भिंतीशी सरकवलेली होती. झाडाची ती एकच फांदी छाटली होती, आतली. मोरीला गज होते.

"आता तरी बोला ना," सून नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "मी आधीपासून म्हणत होते, त्यांना सांगा म्हणून."

"चूक नाही ती, बाबा," मुलगा म्हणाला. "पक्कडकाकांना मीच तसं सांगितलं होतं."

काकांना ते समजायला वेळ लागला. डोक्यातल्या दोषामुळे नाही. अशी गोष्ट समजायला कुणालाही वेळ लागला असता.

"म्हणजे सायकल ताईकडे आहे," ते म्हणाले. "गाठ माझीच होती."

मुलाने मान डोलावली.

"तिला ठाऊक होतं. पक्कडला ठाऊक. हिला ठाऊक. आणि आखून दिलं त्यालाच तेवढं ठाऊक नव्हतं."

"मग काय करायला हवं होतं मी?" मुलगा एकदम ओरडला. "दुभाजकावर बसला होतात तुम्ही, बाबा! कचेरीत फोन वाजला की उचलायच्या आधी वाटतं, झालं, आता ते सांगणार. सरळ सांगितलं असतं तर ऐकलं असतंत का?"

"नसतं ऐकलं," काका म्हणाले. "भांडलो असतो. शिव्या घातल्या असत्या. ताट फेकलं असतं. पण तू माझ्या तोंडावर बोललास, असं तरी झालं असतं. तू मला माझ्याच अंगणात चोर करून फिरवलंस. मी कुठून पळेन, ते माझ्याच तोंडून काढून घेतलंस." त्यांचा आवाज फाटला. "आणि मी तुला शाब्बास म्हणालो रे."

फाटक उघडलं होतं. काका त्यातून आत गेले.

त्या दिवसापासून ते मुलाशी बोलले नाहीत. तो 'बाबा' म्हणायचा, ते ओ द्यायचे नाहीत. सांगितलंच होतं तसं. तो संध्याकाळी कुलूप काढून म्हणायचा, चला, शाळेपर्यंत फिरून येऊ. काका सुनेला सांगायचे, "त्याला म्हणावं फाटक तुझं, फिरायला तूच जा." मुलीने फोनवर हुंदके दिले, त्यांनी फोन सुनेच्या हातात परत दिला. रागापेक्षा त्यांना शरम जास्त वाटत होती. फसवणूक कुणाचीही होते, पण यात फसवलं गेलेलं त्यांचं कसब होतं, आणि ते कसब इतक्या खुशीने फसलं होतं.

सकाळी चहा झाला की ते उठायचे आणि आपल्याच कुंपणाला आतून फेरी घालायचे. पंजा जाळीवर. पलीकडे मैदान, मैदानातून गेलेली त्यांच्याच पायांनी पडलेली वाट, आणि लांबवर शाळेची जाळी उन्हात चमकायची. बोटं घातली तर जात होती. नुसत्या बोटांना काही करता येत नव्हतं.

अशाच एका फेरीत, मागच्या बाजूला, जिथून ती वाट सुरू व्हायची नेमकं तिथेच, पंजाखालची जाळी हलली. काका खाली बसले. खालच्या अंगाच्या गाठींना पीळच नव्हता, तार नुसती वळसा घालून सोडली होती. जाळी वर उचलली की सडपातळ माणूस आरामात सरकेल एवढी फट होत होती. बाकी सगळ्या कुंपणात एक गाठ कच्ची नव्हती. कामगाराची हयगय अशी नेमक्या जागी होत नसते. काकांच्या ध्यानात आलं, ही जागा पक्कडने त्यांच्यासाठी ठेवली होती.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. घरात सून कुणाशी तरी फोनवर बोलत होती. त्यांनी गुडघे टेकले, जाळी एका हाताने उचलली, मान खाली घातली. गवताचा वास आला. डोकं पलीकडे गेलंसुद्धा.

आणि तिथेच ते थांबले. पोट जमिनीला, हनुवटी मातीत, जाळीची टोकं मानेला टोचताहेत. स्वतःच्या घरातून. असले लोक त्यांनी आयुष्यभर ओळखून ठेवले होते, त्यांच्यासाठी मोऱ्यांना गज लावले होते. काका मागे सरकले, उठले, गुडघे झटकले.

"पक्कडला बोलाव," त्यांनी आत जाऊन सुनेला सांगितलं. "काम राहिलंय."

पक्कड फाटकाने आला नाही. मैदानातून येऊन जाळीपलीकडे उभा राहिला. मधे जाळी.

"ही गाठ कुणी बांधली?" काकांनी विचारलं.

"मीच, काका."

"सैल का?"

पक्कड पायाने माती उकरत राहिला. "मला ते काम करवत नव्हतं. पण तुमचा मुलगा माझ्यासमोर बसून रडला. मग मी म्हटलं, निदान एक जागा राहू द्यावी."

"त्याला ठाऊक आहे?"

"नाही."

"म्हणजे मला फसवलंस त्याच्यासाठी आणि त्याला फसवलंस माझ्यासाठी." काकांनी डोळे मिटले आणि उघडले. "एक बाजू तरी धर रे कुठली. बस खाली. गाठ घट्ट कर."

"काका, राहू द्या ना. कुणाला दिसत नाही."

"मला दिसते. मी या घरातून उभ्याने बाहेर पडत आलोय. कुणी फाटक उघडून जा म्हणालं तर जाईन. पोटावर सरपटत जाणार नाही. कर घट्ट."

पक्कड उकिडवा बसला. मागच्या खिशातून त्याने पक्कड काढली. काकांनी आतून जाळी दाबून धरली, त्याला शिकवताना धरायचे तशी, तळहात सपाट, ताण सारखा. पहिला पीळ बसला. दुसऱ्या पिळाला पक्कडच्या हातून तार दोनदा निसटली. त्याने बाहीने डोळे पुसले. मुलगा मागच्या दारात येऊन उभा राहिला होता. "बाबा," तो म्हणाला. काकांनी मान वळवली नाही.

"झालं, काका," पक्कड म्हणाला.

काकांनी जाळी हलवून पाहिली.

"अजून अर्धा पीळ," ते म्हणाले.